इंग्रजीतील ‘क्यू’ आणि त्याचे पर्याय : एक अर्थेतिहास

रांगेत शिस्तीने उभे राहणे हा इंग्रजांचा उपजत स्वभाव आहे, हे मत विसाव्या शतकाच्या मध्यापासून इतके रूढ झाले आहे की, त्याला पुराव्याची अपेक्षा आहे असे सहसा कोणास वाटत नाही. जन्माने हंगेरियन असलेल्या जॉर्ज मिकेश याने ‘हाउ टु बी ॲन एलियन’ (१९४६) या पुस्तकात या सवयीची यथेच्छ थट्टा केली. जॉर्ज ऑर्वेलने ‘द इंग्लिश पीपल’ (१९४७) या पुस्तिकेत इंग्रज जमावाच्या सभ्यतेचे लक्षण म्हणून तिची नोंद घेतली. परंतु ज्या शब्दाने ही सवय इंग्रजीत ओळखली जाते, त्या ‘क्यू’ शब्दाची साक्ष अगदी निराळी आहे.

‘क्यू’ हा फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ शेपूट. त्याचे मूळ लॅटिन ‘काउदा’ अथवा ‘कोदा’ या रूपात आहे. संगीतरचनेच्या अखेरच्या भागास लावला जाणारा ‘कोडा’ हा शब्द त्याचाच इटालियन भाऊबंद होय, आणि भित्र्या माणसास लावले जाणारे ‘कॉवर्ड’ हे विशेषणही याच शेपटातून निघाले आहे. इंग्रजीत ‘क्यू’ प्रथम आला तो माणसांच्या रांगेसाठी नव्हे. चर्मपत्राची पट्टी, कुलचिन्हावरील सिंहाचे शेपूट, पुढे अठराव्या शतकात पुरुषांच्या केसांची पाठीवर सोडलेली वेणी, असे त्याचे अर्थ होते. बिलियर्डच्या काठीचे नाव हे याच शब्दाचे लेखनभेदाने वेगळे झालेले रूप.

माणसांच्या रांगेचा अर्थ इंग्रजीत नोंदला गेला तो १८३७ मध्ये, टॉमस कार्लाइलच्या ‘द फ्रेंच रेव्होल्यूशन’ या ग्रंथात. त्यातील एका प्रकरणाचे शीर्षकच ‘इन क्यू’ असे आहे. प्रसंग १७८९ च्या पॅरिसमधील. आदल्या वर्षी गारपिटीने पीक बुडाले होते, हिवाळा कडक गेला होता आणि चार पौंडी पावाची किंमत साडेचौदा सूपर्यंत चढली होती. भटारखान्यांच्या दारांशी पहाटेपासून माणसे एकामागे एक उभी राहत. हे दृश्य इंग्रज वाचकास सांगताना कार्लाइलला फ्रेंच शब्द तसाच वापरावा लागला, आणि त्याच्या शेजारी ‘टेल’ हा देशी प्रतिशब्दही द्यावा लागला. शब्दाचा अर्थ फोडून सांगावा लागतो, तेव्हा तो वाचकाच्या परिचयाचा नसतो, हे उघड आहे. त्याहून मौजेची गोष्ट अशी की, शेपूट करून उभे राहण्याची ही कला पॅरिसच्या लोकांना इतर सर्व लोकांपासून वेगळे दाखवणारे लक्षण ठरेल, असे भाकीतही कार्लाइल करतो. ज्या गुणावर पुढे इंग्रजांनी हक्क सांगितला, तो त्याच्या दृष्टीने फ्रेंचांचा, आणि तोही उपहासाचा विषय होता. शिवाय ही शिस्त उपासमारीतून आलेली होती व फार काळ टिकणारीही नव्हती. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला पॅरिसच्या बायका पावासाठी व्हर्सायवर चालून गेल्या.

त्या काळी लंडनमध्ये रांगेची रीत नव्हती असे म्हणणे धाडसाचे होईल. पण नाट्यगृहांच्या दारांशी ती नव्हती, एवढे निश्चित. ३ फेब्रुवारी १७९४ रोजी हेमार्केट नाट्यगृहाच्या प्रवेशद्वारी झालेल्या चेंगराचेंगरीत किमान पंधरा माणसे मेली. पुढे १८८१ मध्ये सॅव्हॉय नाट्यगृह उघडणाऱ्या रिचर्ड डॉयली कार्ट याने पिट व गॅलरीच्या स्वस्त जागांसाठी रांगेची पद्धत सुरू केली, ती अमेरिकन कल्पना म्हणून. म्हणजे शब्द फ्रान्सचा, आणि निदान नाट्यगृहापुरती रीत अमेरिकेची.

अमेरिकेने मात्र त्या रीतीसाठी ‘लाइन’ हाच शब्द ठेवला. ‘लाइन’चे मूळ लॅटिन ‘लीनुम’, म्हणजे अळशी व तिच्या तागाचा धागा. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ दोर, नंतर रेघ, नंतर माणसांची ओळ. ‘फाइल’ शब्दही ‘फीलुम’ म्हणजे धागा यापासून आलेला. अमेरिकन माणूस ‘इन लाइन’ उभा राहतो, न्यूयॉर्कचा रहिवासी मात्र ‘ऑन लाइन’; हा प्रयोग संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. दोन्ही शब्दांच्या दृष्टीत फरक आहे. धागा कोठूनही पाहिला तरी धागाच. शेपूट म्हटले की तोंड दुसरीकडे, दुकानाच्या दाराशी, आहे हे मान्य केल्यासारखे होते. स्पॅनिश ‘कोला’ आणि डॅनिश ‘को’ही शेपूटच, जर्मन ‘श्लांग’ म्हणजे साप. रशियन ‘ओचेरेद’ मात्र आकार पाहत नाही, पाळी पाहते. मराठीत ‘मारुतीच्या शेपटासारखी रांग’ आणि ‘नंबर लावणे’ या प्रयोगांत हे दोन्ही दृष्टिकोन सुखाने नांदतात.

‘क्यू’ला राष्ट्रीय प्रतिष्ठा मिळाली ती दुसऱ्या महायुद्धात. जानेवारी १९४० मध्ये सुरू झालेले अन्नाचे रेशनिंग जुलै १९५४ पर्यंत चालले. युद्धात मोकळा असलेला पाव जुलै १९४६ ते जुलै १९४८ या काळात रेशनवर आला. या रांगा सर्वांनी संतोषाने स्वीकारल्या, ही समजूत उत्तरकालीन आहे. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश हाउसवाइव्ह्ज लीगचा रोषच रांगांवर व टंचाईवर होता, आणि १९५० च्या निवडणुकीच्या प्रचारात चर्चिलने समाजवाद्यांच्या स्वप्नराज्यास ‘क्यूटोपिया’ हे नाव दिले. ज्या शब्दाची शिवी करता येते, तो निव्वळ अभिमानाचा शब्द खचित नव्हे. ऑर्वेल व मिकेश यांचे लेखन याच वर्षांतले आहे, हे विसरून चालणार नाही.

पुढील अर्थविस्तार गणिताने घडवला. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील ए. के. एरलांग याने १९०९ मध्ये आरंभिलेल्या विचारास १९५१ साली डी. जी. केंडल याच्या निबंधाने ‘क्यू’ हे नाव पक्के केले, आणि संगणकाच्या परिभाषेतून तो अमेरिकेतही शिरला.

याहून गंभीर आहे तो ‘क्यू-जंपर’ या समासाचा इतिहास. रांग हा हक्क ठरल्यावरच ती ओलांडणे हा अपराध ठरतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस व्हिएतनाममधून नावांनी ऑस्ट्रेलियास पोहोचलेल्या निर्वासितांस हा शब्द लावला गेला, आणि तेथील राजकारणात तो पुढेही वापरात राहिला. मराठी ‘घुसखोर’ शब्दातही रांगेत शिरणारा आणि सीमा ओलांडणारा असे दोघेही एकत्र आहेत. पॅरिसच्या बायकांपुढे निदान भटाऱ्याचे बंद दार तरी होते. या निर्वासितांपैकी अनेकांच्या देशात, जेथे रांग लावावी असे कोणतेच दार नव्हते.