बेल्ट विरघळला, तरी फ्लॉपी बोलते

दिवा-रोहा मेमूत बसून ऐकणाऱ्यांचं एक ठरलेलं गाऱ्हाणं असतं: पेण सोडलं की नेटवर्क जातं आणि एपिसोड अर्धाच राहतो. त्यांच्यासाठी आजचा भाग इथे लिहून काढलाय. बोलताना जे सुटलं, तेही इथे टाकलंय.

आजचा विषय आहे चाळीस वर्षांपूर्वीचा एक छोटा डिस्क ड्राइव्ह. तो बनवणाऱ्या कंपनीने कधीच नाद सोडला, पण जगभरातल्या हौशी लोकांनी अजून सोडलेला नाही. तुम्ही म्हणाल, आपल्याला काय त्याचं? थोडं थांबा. शेवटी आपण पेणच्या एका माळ्यावर येणार आहोत.

१९८३ सालापासून सुरुवात करू. अमेरिकेत टँडी कंपनीने 'टीआरएस-८० मॉडेल १००' नावाचा कॉम्प्युटर बाजारात आणला. जाडजूड वहीएवढा, मांडीवर ठेवता येणारा. बनवला होता जपानच्या क्योसेरा कंपनीने, आतलं सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टचं. आपण ज्यात स्वतः भरपूर कोड लिहिला असं हे शेवटचं मायक्रोसॉफ्ट प्रॉडक्ट, असं बिल गेट्स यांनी नंतर सांगितलंय. स्क्रीनवर फक्त ८ ओळी, एका ओळीत ४० अक्षरं. चार पेन्सिल सेलवर तो वीसेक तास चालायचा. पत्रकारांना हे यंत्र फार आवडलं, कारण बातमी टाइप करायची आणि आतल्या मोडेमने फोनलाइनवरून ऑफिसला पाठवायची, सगळं एकाच खोक्यात.

अडचण एकच होती, जागेची. मेमरी जास्तीत जास्त ३२ केबी. अंदाज यावा म्हणून सांगते: तुम्ही आत्ता वाचताय तो मजकूर युनिकोडमध्ये साठवला तर पंचवीस-तीस केबी होतो. म्हणजे हा एक एपिसोड ठेवला की मशीन जवळपास भरलं!

म्हणून टँडीने एक सोबती विकायला काढला: 'टँडी पोर्टेबल डिस्क ड्राइव्ह'. साडेतीन इंची फ्लॉपी, १०० केबी जागा, आणि बॅटरीवर चालणारा. प्रत्यक्षात तो बनवला होता जपानच्या ब्रदर कंपनीने. हो, शिलाई मशीनवालं ब्रदर. नंतर २०० केबीचा दुसरा अवतारही आला.

आता यातली गंमत बघा. आपल्याकडच्या सायबर कॅफेतल्या पीसीत फ्लॉपी ड्राइव्ह मदरबोर्डला थेट जोडलेला असायचा आणि फाइल कुठे ठेवायची याचा हिशेब पीसी करायचा. इथे उलट होतं. मॉडेल १०० ला फ्लॉपीबद्दल काहीच कळत नव्हतं. ड्राइव्हमध्ये स्वतःचा छोटा प्रोसेसर होता आणि फाइलींची यादी तोच सांभाळायचा. दोघं फक्त एका सिरियल केबलवरून निरोप द्यायचे-घ्यायचे. 'ही फाइल आहे का?' 'आहे.' 'दे.' 'घे.' असा व्यवहार.

ही निरोपांची भाषा, म्हणजे प्रोटोकॉल, हौशी लोकांनी कशी उलगडली ते समजायला पेणच्या गणपतीच्या कारखान्यात चला. साच्यातून मूर्ती काढतात हे आपल्याला माहीत आहे. पण साचा हरवला आणि हातात फक्त मूर्ती असली तर? कारागीर त्या मूर्तीवर रबर चढवतो आणि तिच्यावरूनच नवा साचा तयार करतो. रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणजे हेच. तयार वस्तूवरून ती घडवायची रीत शोधून काढणं.

इथे मूर्ती म्हणजे केबलमधून जाणारे आकडे. काही भाग कंपनीच्या मॅन्युअलमध्ये होता. बाकीचं लोकांनी केबलला फाटा काढून, दोन्ही बाजूंचं बोलणं कॉम्प्युटरवर टिपून घेऊन शोधलं. आधी एका अक्षराची फाइल सेव्ह करायची, मग दोन अक्षरांची, आणि कोणते आकडे बदलले ते बघायचं. फार हुशारीपेक्षा चिकाटीचं काम आहे हे.

एक नमुना देते, तुम्ही स्वतः ताडून बघा. ड्राइव्हला 'सगळं ठीक आहे ना?' असं विचारायचं असेल तर पाच आकडे पाठवायचे: ९०, ९०, ७, ०, २४८. पहिले दोन ९० म्हणजे नुसती हाक, 'अहो, ऐकताय का!'. ७ हा हुकमाचा नंबर. ० म्हणजे सोबत आणखी माहिती नाही. आणि २४८ कुठून आला? हुकूम आणि लांबी यांची बेरीज करा, ७ आली. ती २५५ मधून वजा करा, २४८. याला चेकसम म्हणतात. वाटेत एखादा आकडा बिघडला तर हिशेब चुकतो आणि समोरच्याला कळतं. सगळं ठीक असेल तर ड्राइव्हचं उत्तर येतं: १८, १, ०, २३६. इथेही १८, १ आणि ० यांची बेरीज १९, आणि २५५ वजा १९ म्हणजे २३६. चाळीस वर्षांपूर्वीच्या यंत्राशी तुम्ही आत्ता बोललात, ते पण तोंडी गणितात!

आता यंत्राच्या दुखण्याकडे येऊ. या ड्राइव्हमध्ये मोटर फ्लॉपीला रबराच्या बेल्टने फिरवते. जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये असायचा तसा. वर्षानुवर्षं पडून राहिलं की रबर सैल पडतं, किंवा डांबरासारखं चिकट होऊन पुलीला चिकटून बसतं. मग ड्राइव्ह चालू होतो, दिवा लागतो, पण फ्लॉपी फिरत नाही. बघणाऱ्याला वाटतं, गेला कामातून. हौशी माणूस तो उघडतो, चिकटा अल्कोहोलने पुसतो, योग्य मापाचा नवा बेल्ट घालतो, हेड साफ करतो, आणि बहुतेक वेळा ड्राइव्ह उठून बसतो. बेल्टचं माप मात्र नेमकं लागतं. सैल असेल तर घसरतो, घट्ट असेल तर मोटरवर ताण येतो, आणि वेग चुकला की अक्षरं वाचता येत नाहीत. म्हणून कुणीतरी एकदा मोजलेलं माप सगळ्यांसाठी लिहून ठेवणं हीसुद्धा मोठी सेवा आहे.

या गोष्टीला एक मस्त वळण आहे. ब्रदरने हाच ड्राइव्ह 'एफबी-१००' या नावाने वेगळ्याच गिऱ्हाइकांना विकला: लोकर विणणाऱ्यांना. ब्रदरच्या इलेक्ट्रॉनिक विणकाम यंत्रांवर, उदाहरणार्थ केएच-९३० वर, नक्षी साठवायला तो वापरायचे. एका रांगेत २०० सुया, आणि कोणत्या सुईने कोणता रंग उचलायचा याचा नकाशा फ्लॉपीत.

२०१० मध्ये बेकी स्टर्न या अमेरिकन कलाकार-मेकरने अशा यंत्रावर स्वतःचं चित्र विणायचं ठरवलं. स्टीव्ह कॉन्क्लिन या इंजिनिअरने त्याआधी एक प्रोग्रॅम लिहिला होता, जो लॅपटॉपलाच एफबी-१०० बनवतो. युक्ती अशी. विणकाम यंत्रावर साधी कुठलीही नक्षी भरायची आणि 'ड्राइव्ह'मध्ये सेव्ह करायची. समोर खरं तर लॅपटॉप असतो. तिथे त्या नक्षीच्या जागी आपलं चित्र घालायचं, आणि यंत्राला परत वाचायला सांगायचं. यंत्र बिचारं विश्वासाने विणत सुटतं! पुढे 'ऑल यार्न्स आर ब्यूटिफुल' नावाच्या प्रकल्पाने तर आर्डुइनो बोर्ड लावून यंत्राचा मूळ मेंदूच बाजूला ठेवला.

कॉम्प्युटरच्या भाषेत याला इम्युलेटर म्हणतात. आपल्या कोकणात त्यासाठी आधीपासून शब्द आहे: सोंग. शिमग्यात सोंग घेऊन दारात आलेल्याचा चेहरा आपण विचारत नाही, भूमिका नीट वठवली की झालं. मॉडेल १०० सुद्धा समोर कोण आहे हे विचारत नाही. १८, १, ०, २३६ असं उत्तर आलं की त्याच्यासाठी तो ड्राइव्हच. म्हणून आज लॅपटॉप हे सोंग घेतो, एसडी कार्डवाला छोटा बोर्ड घेतो, आणि अँड्रॉइड फोनसाठीही तसं अ‍ॅप बनलेलं आहे. म्हणजे तुमच्या हातातला फोन १०० केबीचा ड्राइव्ह होऊन बसू शकतो.

मग मूळ ड्राइव्ह दुरुस्त करत बसायची काय गरज? कारण सोंगाला भाषा येते, पण जुन्या फ्लॉपीवर काय लिहिलंय ते त्याला माहीत नसतं. या ड्राइव्हची फ्लॉपी दिसते साडेतीन इंचीच, पण तिच्यावर माहिती लिहायची पद्धत पीसीपेक्षा वेगळी आहे. नेहमीच्या पीसी ड्राइव्हमध्ये घातली तर ती वाचली जात नाही. त्यातली कुणाची डायरी, कुणाची बातमी, कुणाच्या आजीची नक्षी बाहेर काढायला नव्या बेल्टचा तोच जुना ड्राइव्ह लागतो.

आणि इथे आपण पेणच्या माळ्यावर येतो.

माझ्या मामाचं पेणला डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, मंडळांच्या पावत्या, सगळं तिथे टाइप व्हायचं. दुकान कधीच बंद झालं, पण फ्लॉप्यांचा एक पत्र्याचा डबा माळ्यावर राहिला. आजोबांनी रोह्याच्या घरात बसून सांगितलेल्या आठवणी मामाने त्यातल्याच एका फ्लॉपीत टाइप केल्या होत्या. हाताने लिहिलेली वही २००५ च्या पुरात गेली. मी डबा मागितला तेव्हा मामा म्हणाला, "अगं, भंगारवालासुद्धा घेणार नाही तो. न्यायचा तर ने."

या फ्लॉप्या साध्या १.४४ एमबीवाल्या, त्यामुळे बाजारात मिळणारा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह पुरला. पण कोकणातली दमट हवा! काहींच्या चकतीवर बुरशीचे ठिपके होते, त्या मी ड्राइव्हमध्ये घातल्याच नाहीत, कारण बुरशी हेडला लागली की पुढची फ्लॉपीही जाते. आजोबांची फ्लॉपी दिसायला स्वच्छ होती, पण मध्येच वाचणं थांबायचं. तेव्हा पुण्यातल्या एका मित्राचं 'ग्रीसवीझल' वापरलं. हा एक छोटा, खुल्या डिझाइनचा बोर्ड आहे. साध्या ड्राइव्हला जोडला की तो फाइल वगैरे काही बघत नाही, चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतो. त्यातून अर्थ नंतर, सावकाश, सॉफ्टवेअरने लावायचा. खराब जागा अनेक वेळा वाचून बरंचसं परत मिळालं.

फाइल उघडली, तर आत नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, अर्थ शून्य. कारण तेव्हाचं मराठी युनिकोडमध्ये नव्हतं. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक होतं, १९९१ साली ते भारतीय मानक म्हणून ठरलं, आणि युनिकोडमधल्या देवनागरीची मांडणी त्याच्याच आधीच्या आवृत्तीवरून आली. पण विंडोजमध्ये देवनागरीची सोय आली विंडोज २००० पासून. तोवर डीटीपीवाले ज्या फॉन्टमध्ये काम करायचे, त्यांत इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचा आकार बसवलेला असायचा. फॉन्ट गेला की अर्थ गेला.

मग पुन्हा तेच, मूर्तीवरून साचा. डब्यातल्या एका लग्नपत्रिकेची छापील प्रत आईने जपून ठेवली होती. फाइल आणि छापील पत्रिका शेजारी ठेवून एकेक चिन्ह जुळवत गेले. मजेशीर अडचणी येतात. जुन्या फॉन्टमध्ये 'कि' लिहिताना आधी पहिली वेलांटी आणि मग क, कारण डोळ्यांना तसं दिसतं. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी, कारण आपण तसं उच्चारतो. रफाराचं बरोबर उलट: फॉन्टमध्ये अक्षरानंतर, युनिकोडमध्ये अक्षराआधी. हे नियम प्रोग्रॅममध्ये घातले आणि आजोबांचा मजकूर वाचता येऊ लागला. सगळा नाही. शेवटची काही पानं ज्या जागेत होती, ती चकतीच खराब झालीय. पण कुंडलिकेच्या पुराचं, वखारीचं, घरातल्या माणसांचं जे बोलणं आहे ते आता वाचता येतं. मामाने फोनवर ते वाचलं आणि दोन मिनिटं काही बोलला नाही. मग म्हणाला, "डब्यातलं बाकीचं पण बघ."

ती दोन्ही कामं मला एकाच जातीची वाटतात. परदेशात कुणी ९०, ९०, ७, ०, २४८ हे आकडे टिपून सगळ्यांसाठी लिहून ठेवतो, आणि आपल्याकडे कुणी जुन्या मराठी फॉन्टचा तक्ता बनवून फुकट वाटतो. यंत्राची भाषा कुणीतरी लिहून ठेवली, म्हणूनच त्याच्या पोटातलं माणसाचं बोलणं बाहेर आलं.

तर मंडळी, घरी जाल तेव्हा माळा बघा. फ्लॉप्या सापडल्या तर आधी सरकती पट्टी हलकेच सरकवून चकतीवर ठिपके आहेत का पाहा. कोपऱ्यातलं छोटं बटण सरकवून भोक उघडं करा, म्हणजे चुकून काही लिहिलं जाणार नाही. पहिल्यांदा पूर्ण फ्लॉपीची नक्कल काढा, फाइली नंतर उघडा. फाइलीत गिचमिड दिसली तर डिलीट करू नका, ते मराठी असू शकतं. आणि त्या काळातली छापील पत्रिका, स्मरणिका, जे मिळेल ते जपा, साचा त्यावरूनच निघेल.

रबर दरवर्षी थोडं आणखी विरघळतंय आणि पाऊस काही थांबणार नाहीये, तेव्हा हे काम दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ढकलू नका. काही सापडलं तर मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!