पत्तापट्टी

टपालाने पाठवावयाच्या लखोट्यावर, वेष्टनावर किंवा पुडक्यावर चिकटविण्यासाठी नाव व पत्ता लिहून वा छापून तयार केलेल्या कागदाच्या तुकड्यास पत्तापट्टी म्हणतात. एकट्यादुकट्या पत्रास तिची गरज नसते. मासिकाचे वर्गणीदार, सहकारी गृहनिर्माण संस्थेचे सभासद किंवा ग्रंथालयाचे वाचक अशा ठरावीक मंडळींस ठरावीक काळाने टपाल पाठवावयाचे असले, म्हणजे तीच नावे पुनःपुन्हा लिहावी लागतात व तेथे पत्तापट्टीचा उपयोग सुरू होतो. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून हे काम मुख्यतः संगणकावर होते. रकान्यांच्या संगणकीय तक्त्यात, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये, ठेवलेली यादी मजकूर लिहिण्याच्या प्रणालीस जोडली जाते व पट्ट्या आपोआप छापून निघतात.

पत्त्याची मराठी घडण या यंत्रकामापेक्षा पुष्कळ जुनी आहे. जुन्या पत्रव्यवहारात ‘राजश्री’ आदी उपाधी, नाव आणि ‘यांसी’ असा मायना असे. आजही ‘श्री. अमुक यांस’ असेच लिहितात. या ‘यांस’चा संगणकाच्या दृष्टीने एक अकल्पित फायदा झाला. मराठीत विभक्तिप्रत्यय थेट नामास लागला, तर नामाचे सामान्यरूप होते व त्याचे शेवटचे अक्षर बदलू शकते. जोशी या आडनावाचे ‘जोश्यांस’ होते. यादीतील नाव जसेच्या तसे उचलणाऱ्या यंत्रास हे रूपांतर साधले नसते. प्रत्यय ‘यां’ या सर्वनामाने स्वतःवर घेतल्यामुळे नाव अविकृत राहते आणि हजार नावांपुढे एकच शब्द छापता येतो. पत्त्यातील ‘मु. पो.’, ‘ता.’, ‘जि.’ ही संक्षिप्त रूपेही प्रत्यक्षात रकान्यांची शीर्षकेच होत.

भारतात १८५४ मध्ये देशभर एकसारख्या टपालदराची पद्धत सुरू झाली आणि नियतकालिके दूरच्या वाचकापर्यंत पोहोचविणे परवडू लागले. वर्गणीदारांची वही ही त्यानंतर मराठी नियतकालिकांची खरी मालमत्ता ठरली. कारकून वहीवरून पट्ट्यांवर पत्ते उतरवून घेत. पुढे टंकयंत्र व कार्बन कागद यांमुळे एका वेळी तीन-चार प्रती मिळू लागल्या, तरी महिन्या-दोन महिन्यांनी सर्व यादी पुन्हा टंकावी लागे. अमेरिकेत जोसेफ डंकन याने १८९६ मध्ये पत्ते छापण्याच्या यंत्राचे एकस्व मिळविले. ‘ॲड्रेसोग्राफ’ या नावाने ते प्रसिद्धीस आले. त्याच्या प्रचलित नमुन्यांत प्रत्येक नावासाठी धातूची एक उठावाची पट्टी असे. माणसाने घर बदलले, की पट्टी फेकून नवी करावयाची. पाठीमागे डिंक असलेल्या पट्टीची जागा स्वयंचिकट पट्टीने घेतली, तिचे व्यापारी उत्पादन स्टँटन ॲव्हरी याने १९३५ मध्ये सुरू केले.

पत्त्याच्या इतिहासातील भारतापुरता सर्वांत मोठा टप्पा एका मराठी अधिकाऱ्याच्या नावाशी निगडित आहे. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी व संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली सहा अंकी पिन क्रमांकाची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आली. सारख्या नावांची गावे, अनेक भाषा व लिप्या आणि लेखनातील घोटाळे यांवर हा उपाय होता. यातील पहिला अंक विभाग दर्शवितो, पहिल्या तीन अंकांनी वर्गवारीचा जिल्हा कळतो व उरलेल्या तिहींनी वाटप करणारे टपाल कार्यालय. भारतीय पिन क्रमांक शून्याने सुरू होत नाही, ही गोष्ट पुढे उपकारक ठरली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांचे क्रमांक शून्याने सुरू होतात आणि स्प्रेडशीट त्यांना साधी संख्या समजून आरंभीचे शून्य गाळून टाकते. भारतीय याद्यांना ही पीडा नाही. दुसरी एक मात्र आहे. कोणी ‘४२१५०१’ असे सलग लिहितो, कोणी ‘४२१ ५०१’ असे मध्ये जागा सोडून. पहिली संख्या ठरते व दुसरा मजकूर, त्यामुळे क्रम लावताना एकाच गल्लीतील शेजारी यादीच्या दोन टोकांस जातात.

संगणकीय पद्धतीचे दोन घटक जवळजवळ एकाच वेळी उदयास आले. ‘वर्डस्टार’ ही मजकूर लिहिण्याची प्रणाली १९७८ मधील. पत्राचा साचा व नावांची यादी एकत्र करणारा ‘मेलमर्ज’ हा भाग तिला नंतर जोडण्यात आला. डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांची ‘व्हिझिकॅल्क’ ही स्प्रेडशीट १९७९ मध्ये आली. त्यानंतर ‘लोटस १-२-३’ व ‘वर्ड’ (दोन्ही १९८३) आणि ‘एक्सेल’ (१९८५) यांचा प्रसार झाला. महाराष्ट्रातील संगणकवर्गांत एके काळी वर्डस्टार, लोटस व डीबेस ही त्रयी शिकवीत. त्या वेळी पट्ट्या कडांना भोके असलेल्या सलग कागदावर ठिपक्यांच्या मुद्रकाने छापल्या जात. आता बहुधा ए-४ आकाराचा स्वयंचिकट कागद वापरतात. त्यावर तीन स्तंभ व आठ ओळी मिळून २४ पट्ट्या बसतात, प्रत्येक सु. ७० × ३७ मिमी. आकाराची.

कृती थोडक्यात अशी : स्प्रेडशीटच्या पहिल्या ओळीत उपाधी, नाव, घर, रस्ता, गाव, पिन अशी शीर्षके देतात व त्याखाली एका ओळीत एक व्यक्ती लिहितात. मजकूर-प्रणालीत कागदाचा आकार निवडून पहिल्या पट्टीवर या शीर्षकांच्या खुणा मांडतात व तो साचा इतर पट्ट्यांवर उतरवितात. पहिली सोडून प्रत्येक पट्टीच्या आरंभी ‘पुढील नोंद घ्या’ अशी सूचना असावी लागते. ती राहिली, तर एकाच सभासदाच्या चोवीस पट्ट्या निघतात. नवशिक्याचा हा ठरलेला अनुभव आहे. म्हणून चिकट कागद घालण्यापूर्वी साध्या कागदावर एक पान छापून ते पट्ट्यांच्या कागदावर ठेवून उजेडात पाहण्याचा रिवाज आहे.

तथापि खरी अडचण यंत्रात नसून पत्ता रकान्यांत कसा मोडावा यात असते. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर व अंबरनाथ ही लगतची शहरे या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. उल्हासनगर १९४९ मध्ये निर्वासित सिंधी समाजासाठी दुसऱ्या महायुद्धकालीन लष्करी छावणीच्या जागी वसले. छावणीचे क्रमांक तेथे तसेच राहिले. बॅरक क्रमांक, सेक्शन क्रमांक, उल्हासनगर १ ते ५ आणि त्यांना अनुरूप ४२१००१ ते ४२१००५ हे पिन क्रमांक, असा हा पत्ता जणू रकान्यांसाठीच जन्मला आहे. शिलाहारकालीन शिवमंदिराचे गाव असलेले अंबरनाथ मात्र वाड्या-वस्त्यांतून वाढले. तेथील सेक्शनांना अंक नाहीत, नावे आहेत : खेर सेक्शन, कानसई सेक्शन, वडवली सेक्शन. इमारतीचे नाव, ‘अमक्याच्या मागे’, ‘तमक्यासमोर’ ही खूण आणि शेवटी स्थानकाची बाजू, असा पत्ता सांगितला जातो. यातील ‘पूर्व’ हा शब्द शोभेचा नाही. अंबरनाथ पूर्वेचा प्रचलित पिन ४२१५०१, पश्चिमेचा ४२१५०५ आणि आयुध निर्माणीच्या वसाहतीचा ४२१५०२ आहे. ‘पूर्व’ कधी गावाच्या रकान्यात, कधी रस्त्याच्या, तर कधी कंसात पडल्यामुळे यादी चाळणे अवघड होते. रोमन लिपीत गावाच्या नावात ‘ब’नंतर कोठे ‘ए’, तर कोठे ‘ई’ हे अक्षर लिहितात, त्यामुळे एका गावाची दोन गावे होतात. बाजूसाठी स्वतंत्र रकाना ठेवणे आणि खुणेस मोकळी, लांब जागा देणे हाच व्यवहार्य मार्ग होय.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या बाबतीत ही काटेकोरी कायद्याच्या अंगाने महत्त्वाची ठरते. आदर्श उपविधींनुसार वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागते. पट्टी चुकली, तर सभासदाचा बोलण्याचा व मत देण्याचा हक्क बुडतो आणि सभेच्या वैधतेचाच वाद उभा राहतो. उलट पक्षी, रकाने नीट असले तर मोठे बदलही सुकर होतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा वसई, डहाणू, जव्हार येथील नावांपुढील जिल्हा बदलावा लागला. तालुक्याचा वेगळा रकाना ज्यांच्या यादीत होता, त्यांना तालुकावार चाळणी लावून ते काही मिनिटांत करता आले. ज्यांनी सरसकट ‘ठाणे’ या शब्दाच्या जागी ‘पालघर’ घातले, त्यांच्या यादीत कल्याण-अंबरनाथही पालघरात गेले असणार.

देवनागरीचा प्रश्न अधिक काळ रेंगाळला. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक, स्थापना १९८८) ‘जिस्ट’ तंत्राद्वारे भारतीय लिप्या संगणकावर आणल्या व ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. परंतु कार्यालयांत व छापखान्यांत रूढ झाले ते निरनिराळ्या कंपन्यांचे टंक. त्यांत देवनागरी अक्षराचे केवळ चित्र असे, त्याच्या मागे रोमन अक्षराचा संकेत दडलेला राही. अशी यादी दुसऱ्या संगणकावर नेली, की नावांऐवजी निरर्थक रोमन अक्षरे उमटत. अकारविल्हे क्रम लावला, तर तो वर्णमालेऐवजी कळफलकाप्रमाणे लागे. युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत झाला होता, पण घरगुती व कार्यालयीन संगणकांवर ती ‘विंडोज २०००’पासून सुलभ झाली. तोवर जमलेल्या याद्या रूपांतरक प्रणालींनी पालटाव्या लागल्या व त्यांतील जोडाक्षरे हाताने तपासावी लागली. ज्या संस्थांनी तसे केले नाही, त्यांना जुने वर्गणीदार कायमचे गमवावे लागले.

भारतीय टपाल खात्याने २०२५ मध्ये ‘डिजिपिन’ ही नवी पद्धत जाहीर केली. तीत देशाचा भूभाग सु. ४ × ४ मी. चौकोनांत विभागून प्रत्येकास दहा चिन्हांचा संकेत दिला आहे. तो जागा दाखवितो, तेथील माणूस नव्हे. नावाची खातरजमा अजून वाटप करणाऱ्या पोस्टमनकडूनच होते. परत आलेल्या लखोट्यावरील ‘पत्ता अपुरा’, ‘घर सोडले’ किंवा ‘मयत’ हा त्याचा शेरा त्याच आठवड्यात यादीत उतरविला नाही, तर पुढील महिन्यात तीच पट्टी तितक्याच सुबक अक्षरांत पुन्हा छापली जाते.