मराठी किशोर अद्भुतसाहित्यातील नायिका

किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या, किंवा त्यांनी आपल्याशा केलेल्या, अद्भुत कथा-कादंबऱ्यांच्या केंद्रस्थानी असणारी कर्तृत्ववान स्त्रीपात्रे म्हणजे मराठी किशोर अद्भुतसाहित्यातील नायिका होत. इंग्रजीत अशा नायिकांच्या कादंबऱ्यांना १९७०च्या दशकापासून महत्त्वाचे वाङ्मयीन पुरस्कार मिळत आले आहेत. मराठीत त्यांची पूर्वपरंपरा जुनी आहे. मात्र कादंबरीच्या समीक्षेने अद्भुताला वास्तवापेक्षा खालचे स्थान दिले आणि बालकुमारसाहित्याची चर्चा मुख्य प्रवाहाबाहेर ठेवली, त्यामुळे या नायिकांची दखल तुटकपणे घेतली गेली. या प्रकारात विशेष नाव मिळवणाऱ्या मराठी घरातील लेखिका सुनीती नामजोशी यांचे लेखन इंग्रजीत आहे.

संज्ञा

इंग्रजी प्रकाशनव्यवहारात 'यंग ॲडल्ट' हा साधारणतः १२ ते १८ या वयाच्या वाचकांसाठीचा स्वतंत्र विभाग आहे. मराठीत त्याला 'कुमारसाहित्य' किंवा 'किशोरसाहित्य' म्हणतात, परंतु व्यवहारात त्याची गणना बहुधा बालसाहित्यातच होते. ग्रंथालयांतही चिऊकाऊच्या गोष्टी आणि दोनशे पानांची साहसकादंबरी अनेकदा एकाच कपाटात सापडतात. 'फँटसी'साठी अद्भुत, अद्भुतरम्य, कल्पनारम्य आणि अद्भुतिका हे शब्द वापरले जातात. 'अद्भुतरम्य' या विशेषणाला समीक्षेत काहीशी कमीपणाची छटा आली आहे.

विदर्भकन्यांच्या कथा

मराठी प्रदेशाशी जोडलेल्या अद्भुतकथांतील दोन महत्त्वाच्या नायिका विदर्भाच्या राजकन्या आहेत. देवळी तालुक्यातील पुलगावजवळून वाहणाऱ्या वर्धा नदीच्या वरच्या अंगाला, अमरावती जिल्ह्यात, कौंडिण्यपूर आहे. परंपरेने ते विदर्भाच्या राजधानीचे आणि रुक्मिणीच्या माहेराचे ठिकाण मानले जाते. भावाने ठरवलेला विवाह नाकारून स्वतः पत्र धाडणारी रुक्मिणी महानुभाव कवी नरेंद्र आणि संत एकनाथ या दोघांच्याही 'रुक्मिणीस्वयंवर' काव्याचा विषय झाली.

महाभारताच्या वनपर्वातील दमयंतीची कथा आजच्या अर्थाने साहसकथेच्या अधिक जवळ जाते. स्वयंवरात चार देव नलाचेच रूप घेऊन बसतात. घाम न येणे, पापणी न लवणे, सावली न पडणे, पाय जमिनीला न टेकणे या खुणांवरून दमयंती देवांना वेगळे काढते आणि माणसाला वरते. पुढे नल तिला रानात सोडून जातो. अजगर, व्याध आणि हत्तींनी तुडवलेला व्यापाऱ्यांचा तांडा या संकटांतून ती एकटी वाट काढते. माहेरी परतल्यावर ती नलालाच समजेल अशा अर्थाचे प्रश्न देऊन ब्राह्मणांना चहूकडे पाठवते. संशयित सारथ्याचा माग लागताच ती आपल्या दुसऱ्या स्वयंवराची खोटी वार्ता ऋतुपर्ण राजाच्या कानावर घालते. मुदत एका दिवसाची असते, कारण तेवढे अंतर एका दिवसात रथाने कापू शकणारा नलच असणार. शेवटी केशिनी या दासीकरवी ती त्याची परीक्षाही घेते. कथेच्या उत्तरार्धातील सगळी बुद्धी तिचीच आहे. तरीही मराठीत ही कथा मुख्यतः रघुनाथ पंडितांच्या आख्यानातील हंसाच्या प्रसंगामुळे लक्षात राहिली. मुलांसाठीच्या पुनर्कथनांतही दमयंतीच्या युक्तीपेक्षा तिच्या सोशिकपणावर अधिक भर असतो.

अद्भुतरम्य कादंबरी

बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीनंतर मराठीत अद्भुतरम्य कादंबऱ्यांची लाट आली. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या 'मुक्तामाला' (१८६१) व 'रत्नप्रभा' (१८६६) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) या त्यांतील प्रमुख होत. तिन्हींची शीर्षके नायिकांच्या नावांवरून आहेत. मात्र शीर्षक स्त्रीचे असले तरी कथानक तिच्या हाती नसते. तिच्यावर संकटे कोसळतात, तिचे शील कसोटीला लागते आणि अखेरीस सुखाचा योग येतो. याच काळात कृष्णशास्त्री चिपळूणकर यांच्या भाषांतरातून अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आल्या. त्यांतील शहरजाद केवळ गोष्टी सांगण्याच्या बळावर स्वतःचा आणि इतर स्त्रियांचा जीव वाचवते. तत्कालीन मराठी नायिकांपैकी क्वचितच कोणाला इतके स्वातंत्र्य मिळाले असेल.

समीक्षेची भूमिका

काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांचा 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' (१८७२) हा कादंबरीविषयक आद्य मराठी समीक्षालेखनात गणला जातो. म्हणजे मराठी कादंबरीची चर्चा सुरू झाली, तेव्हा तिच्यासमोर अद्भुतरम्य कादंबऱ्याच प्रामुख्याने होत्या. हरिभाऊ आपट्यांनंतर वास्तवचित्रण हा कादंबरीच्या मोठेपणाचा निकष ठरत गेला. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या प्रवृत्तींना 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' अशी तीन नावे दिली. त्यांतील 'मुक्तामाला' हे रंजनपर, कल्पनारम्य प्रवृत्तीचे नाव झाले. रंजनवादी कादंबरीच्या साचेबद्धपणावरील ही टीका रास्त आहे, पण तिच्या प्रभावाखाली अद्भुत म्हणजे पळवाट हे समीकरणही रुजले. अद्भुताचा उपयोग करून स्त्रीपात्राला प्रत्यक्ष समाजात न मिळणारा अवकाश देता येतो, ही शक्यता त्यामुळे फारशी तपासली गेली नाही.

अद्भुत प्रौढांच्या पुस्तकात आले, की हीच समीक्षा उदार होते. पु. शि. रेगे यांच्या 'सावित्री' (१९६२) या पत्ररूप लघुकादंबरीत लच्छी आणि मोराची कथा येते. स्वतःच्या मनाने घडत जाणारी सावित्री आणि ती कथा या दोहोंची समीक्षेने वाखाणणी केली. रेगे १९६९मध्ये वर्धा येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. बालकुमारसाहित्याची संमेलने मात्र वेगळी भरतात आणि तेथील पुस्तकांची चर्चाही बव्हंशी तेथेच राहते.

नियतकालिके आणि रूपांतरे

वासुदेव गोविंद आपटे यांचे 'आनंद' (१९०६), 'चांदोबा'ची मराठी आवृत्ती (१९५२) आणि बालभारतीचे 'किशोर' (१९७१) या मासिकांनी मराठी मुलांपर्यंत अद्भुतकथा पोहोचवल्या. स्वतंत्र साहसकथांत मुलगेच पुढे होते. भा. रा. भागवत यांचा फास्टर फेणे हे त्याचे सर्वांत लोकप्रिय उदाहरण होय. मुलीला एकटीने अद्भुत प्रदेशात पाठवण्याचे काम आधी रूपांतरांनी केले. लुइस कॅरल यांची ॲलिस देवदत्त नारायण टिळक यांच्या 'वेणू वेडगावात'मध्ये वेणू झाली आणि भागवतांच्या 'जाईची नवलकहाणी'मध्ये जाई. या नायिकेला कोणी पळवून नेत नाही आणि सोडवायलाही कोणी येत नाही. ती कुतूहलापोटी आत शिरते आणि मोठ्यांच्या विचित्र नियमांशी वाद घालते. जी. ए. कुलकर्णी यांची 'मुग्धाची रंगीत गोष्ट' हे मुलीभोवती रचलेले पुस्तकही उल्लेखनीय आहे, पण ते अधिक लहान वयाच्या वाचकांसाठी आहे. जी.एं.च्या कथांवर विपुल समीक्षा झाली असली, तरी त्यांच्या मुलांसाठीच्या पुस्तकांच्या वाट्याला त्या मानाने थोडीच आली.

सुनीती नामजोशी

सुनीती नामजोशी यांचा जन्म १९४१ साली मुंबईत झाला. त्यांच्या आई सरोजिनी या फलटणच्या नाईक निंबाळकर राजघराण्यातील होत. भारतीय प्रशासकीय सेवेत काही काळ काम केल्यावर सुनीती उच्च शिक्षणासाठी परदेशी गेल्या आणि पुढे टोरांटो विद्यापीठात अध्यापक झाल्या. आईच्या सहकार्याने त्यांनी गोविंदाग्रजांच्या कवितांचे इंग्रजी भाषांतरही केले.

'फेमिनिस्ट फेबल्स' (१९८१) या संग्रहात त्यांनी पंचतंत्र, इसापनीती, ग्रीक पुराणे आणि युरोपीय परीकथा स्त्रीच्या बाजूने नव्याने सांगितल्या. या पुस्तकाने त्यांना आंतरराष्ट्रीय कीर्ती मिळाली. १९८६मध्ये 'अदिती अँड द वन-आइड मंकी' ही मुलांसाठीची अद्भुत कादंबरी आली. राजकन्या अदिती एका डोळ्याचे माकड, सिरिल नावाची मुंगी आणि ब्यूटिफुल नावाचा हत्ती यांना बरोबर घेऊन ड्रॅगनच्या बंदोबस्ताला निघते. पाश्चात्त्य कथेत ड्रॅगन मारण्यासाठी असतो. येथे त्याच्याशी बोलणे होते आणि पुढील भागांत तर तो सोबत्यांपैकीच एक होतो. मुंगीपासून हत्तीपर्यंत प्रत्येकाच्या मताला किंमत असणे हा या मालिकेचा विशेष होय. चेन्नईच्या तुलिका प्रकाशनाने पुढे अदितीच्या साहसांची मालिका प्रसिद्ध केली.

स्त्रीवादी आणि उत्तरवसाहतवादी समीक्षेत नामजोशी यांचे स्थान पक्के आहे. सी. विजयश्री यांनी २००१मध्ये त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. अर्थात ही चर्चा प्रामुख्याने त्यांच्या प्रौढांसाठीच्या लेखनाभोवती फिरते. बालकुमार वाङ्मय समीक्षेच्या कडेला राहण्याची रीत केवळ मराठीपुरती नाही, हे यावरून दिसते.

अन्य भाषांतील गौरव आणि आक्षेप

अर्सुला ले ग्विन यांच्या 'द टूम्ब्स ऑफ अटुआन'ला १९७२चा न्यूबेरी सन्मान मिळाला. रॉबिन मॅकिन्ली यांच्या 'द हीरो अँड द क्राउन' या कादंबरीने १९८५चे न्यूबेरी पदक पटकावले. तिची नायिका तलवार घेऊन ड्रॅगनशी लढते. फिलिप पुलमन यांच्या 'नॉर्दर्न लाइट्स'ला (१९९५) कार्नेगी पदक मिळाले. त्याच त्रयीतील 'द अँबर स्पायग्लास'ला वर्षातील सर्वोत्तम पुस्तकाचा व्हिटब्रेड पुरस्कार देण्यात आला. मुलांच्या पुस्तकाला तो मान प्रथमच मिळत होता. जपानी लेखिका नाहोको उएहाशी यांच्या 'मोरिबितो' मालिकेची नायिका बाल्सा ही तिशीची भालाधारी अंगरक्षक आहे. उएहाशी २०१४च्या हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्काराच्या मानकरी ठरल्या.

या गौरवासोबत एक आक्षेपही पुढे आला. कणखर नायिका म्हणजे पुरुषाचे शस्त्र हाती घेतलेली मुलगी एवढेच का, असा प्रश्न स्त्रीवादी समीक्षकांनी विचारला. ले ग्विन यांनी 'तेहानू'मध्ये (१९९०) अटुआनच्या नायिकेला मध्यमवयीन विधवेच्या रूपात परत आणले आणि जादूच्या जगातील पुरुषसत्तेचीच तपासणी केली. अदिती आणि त्याआधीची दमयंती या वादात वेगळ्या ठरतात, कारण दोघींचे बळ वाणीत आणि युक्तीत आहे.

मराठीतील पुरस्कार

साहित्य अकादमीने २०१०पासून बालसाहित्य पुरस्कार सुरू केला. 'राधाचं घर'सारख्या पुस्तकांच्या लेखिका माधुरी पुरंदरे यांना तो २०१४मध्ये एकूण योगदानासाठी मिळाला. मराठीतील पुरस्कारप्राप्त कादंबऱ्यांत ल. म. कडू यांची 'खारीच्या वाटा' (२०१७), सलीम सरदार मुल्ला यांची 'जंगल खजिन्याचा शोध' (२०१९), संजय वाघ यांची 'जोकर बनला किंगमेकर' (२०२१), संगीता बर्वे यांची 'पियूची वही' (२०२२) आणि भारत सासणे यांची 'समशेर आणि भूतबंगला' (२०२४) यांचा समावेश होतो. यांपैकी 'पियूची वही'च्या शीर्षकातच नायिका आहे, पण तिचे जग रोजच्या अनुभवांचे आहे. गूढाच्या प्रदेशात शिरतो तो समशेर. त्याचे लेखक सासणे हे प्रौढ कथेतही अद्भुताचा सातत्याने वापर करणारे कथाकार असून २०२२च्या उदगीर साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.