पुरुषांची प्रतिबंधक आरोग्य तपासणी (नवी मुंबई)

त्रास सुरू होण्याआधीच उच्च रक्तदाब, मधुमेह, तोंडाचा कर्करोग यांसारखे आजार हुडकून काढण्यासाठी प्रौढ पुरुषांची केली जाणारी नियमित तपासणी. महाराष्ट्रात तिला स्वतंत्र मोहिमेचे रूप आले ते २०२३ मध्ये. १८ वर्षांवरील स्त्रियांसाठी ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ (२०२२) आणि मुलांसाठी ‘जागरूक पालक, सुदृढ बालक’ (२०२३) या मोहिमा राबवल्यानंतर सार्वजनिक आरोग्य विभागाने १७ सप्टेंबर २०२३ पासून १८ वर्षांवरील पुरुषांसाठी ‘निरोगी आरोग्य तरुणाईचे, वैभव महाराष्ट्राचे’ ही मोहीम हाती घेतली. पुरुषांचा क्रम शेवटी लागला, कारण सरकारी आरोग्यसेवेची घडणच माता-बालसंगोपन व कुटुंबनियोजन यांभोवती झाली. आशा सेविका दारी येते तेव्हा घरातला पुरुष बहुधा कामावर असतो.

नवी मुंबईत ही अडचण ठळक आहे. वाशी-तुर्भ्याचा घाऊक भाजीबाजार उजाडण्यापूर्वीच भरतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने पाळ्यांमध्ये चालतात. दवाखान्यातला बाह्यरुग्ण विभाग मात्र सकाळी कामाच्याच वेळी उघडतो. ज्याची मजुरी उचललेल्या मालावर ठरते, त्या माथाडीचा तपासणीपायी खाडा पडतो. मग ‘गावी गेलो की दाखवतो’ असे म्हणत वर्षे निघून जातात. माथाडींसाठी १९६९ चा कायदा आहे, कोपरखैरण्यात त्यांचे रुग्णालय आहे, ५० किलोंहून जड गोणी नको यासाठी त्यांनी लढेही दिले. पाठीच्या रक्षणासाठी दाखवलेला हा निर्धार रक्तदाबाबाबत दिसत नाही, कारण रक्तदाब दुखत नाही. म्हणूनच तपासणी गाळ्यापर्यंत आणि कारखान्याच्या फाटकापर्यंत नेणे हाच खरा उपाय होय.

तपासणी साधी असते. पाच मिनिटे स्वस्थ बसवून दंडाला पट्टा बांधतात. १४०/९० किंवा त्याहून जास्त आकडा आल्यास वेगळ्या दिवशी पुन्हा मोजतात. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून अधिक भरली, तर खात्रीसाठी पुढची चाचणी करतात. तोंडाची तपासणी सर्वांत दुर्लक्षित, आणि राज्यातला सुमारे एक तृतीयांश प्रौढ पुरुष तंबाखू वापरत असल्याने सर्वांत गरजेची. जीभ उचलून, गाल बाजूला ओढून पांढरा वा लाल चट्टा, न भरणारी जखम पाहतात. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर सुपारी-गुटख्याने गालाची त्वचा आतून आखडल्याची शंका घ्यावी. ही खूण गाळ्यावर बसल्या बसल्याही तपासता येते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. चुना लावून मळलेली तंबाखू मात्र आजही हातोहात फिरते.

महापालिकेची नागरी आरोग्य केंद्रे तसेच वाशी, नेरूळ व ऐरोली येथील रुग्णालये यांत या तपासण्या होतात. कर्करोगाची शंका आल्यास तज्ज्ञांकडे पाठवतात. टाटा स्मारक केंद्राची खारघर येथील संस्था जवळच आहे. खरी गळती औषधोपचारात होते : रक्तदाबाचा वा साखरेचा आकडा खाली आला की गोळी बंद केली जाते, आणि सुट्टीला गावी गेलेला कामगार महिन्याची गोळ्यांची पाकिटे खोलीवरच ठेवून जातो.