पागडी, अनामत आणि घरकुल

पागडी हे मानाचे वस्त्र. लग्नकार्यात ती बांधतात, थोरामोठ्यांपुढे ती लववतात, आणि ती दुसऱ्याच्या पायांवर ठेवण्याची वेळ येणे म्हणजे अब्रू गेली असे आपण मानतो. मुंबईच्या चाळींत मात्र हा शब्द एका निराळ्याच अर्थाने रूढ झाला. खोलीचा ताबा देताना भाड्याखेरीज, बहुधा पावतीवाचून, घरमालकाच्या हातावर ठेवायची रोख रक्कम म्हणजे पागडी. तिचेच धाकटे, कायद्याच्या चौकटीत बसणारे भावंड म्हणजे अनामत, ज्याला आज आपण सर्रास डिपॉझिट म्हणतो. खासगी मालकाची खोली सोडून सरकारच्या, मंडळाच्या किंवा एखाद्या सहकारी संस्थेच्या घरात जाऊ पाहणाऱ्या कुटुंबाला ही रक्कम गेली शंभर वर्षे कधी पुढे ढकलत, तर बहुतेकदा मागे खेचत आली आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच मागोवा घ्यावयाचा आहे.

आरंभ करावा लागतो तो प्लेगपासून. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रुग्णांना गाठीचा प्लेग झाला आहे हे प्रथम ओळखले ते डॉ. अकासिओ गाब्रियेल व्हिएगस या गोमंतकीय कॅथलिक डॉक्टरांनी. पुढे ते मुंबई महापालिकेचे अध्यक्षही झाले. धोबीतलावाजवळचा त्यांचा पुतळा आपल्यापैकी अनेकांनी येताजाता पाहिला असेल. तो कोणाचा, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. त्या साथीने सरकारला हे मान्य करावे लागले की मजुराची खोली ही केवळ त्याची खासगी बाब नाही. १८९८ साली कायदा करून मुंबई सुधार न्यास स्थापन झाला. न्यासाने कोंदट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले आणि आग्रीपाडा, नागपाडा, परळ वगैरे ठिकाणी चाळी बांधल्या. त्यांनाच लोक बीआयटी चाळी म्हणतात. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातील पुष्कळ वर्षे गेली. परंतु न्यासाने जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. उठवलेली माणसे शेजारच्या खासगी चाळींत शिरली, गर्दी वाढली आणि गर्दीबरोबर भाडेही.

पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे स्वतंत्र खाते उघडले. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठींवर कर बसवून गिरणी कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायच्या, असा भव्य संकल्प होता. प्रत्यक्षात २०७ इमारती झाल्या. वरळीस १२१, नायगावास ४२, डिलाईल रोडवर ३२ आणि शिवडीस १२. एक खोली साधारण १६० चौरस फुटांची, शौचालये सामाईक. पुढची गोष्ट मात्र मोठी बोधप्रद आहे. शहरात जागेसाठी हाणामारी चाललेली असताना या सिमेंटच्या चाळी, विशेषतः वरळीच्या, कित्येक वर्षे मोठ्या प्रमाणावर रिकाम्या पडून होत्या. १९३० च्या सविनय कायदेभंगात तर सरकारने त्यांतील काहींचा तुरुंग म्हणून उपयोग केला!

कामगार तेथे का गेला नाही? भाडे त्याच्या पगाराच्या मानाने जड होते, आणि वरळी तेव्हा गिरण्यांपासून व बाजारापासून दूर पडे. पण मला वाटते, कारण एवढेच नव्हते. खासगी चाळीत भाडे थकले तर मालकाचा माणूस शिव्या देई, पण महिनाभर थांबेही. खाली उधार देणारा वाणी असे आणि गावचा भाऊबंद शेजारी असे. हे जाळे तोडून माणसाने सरकारी खोलीत जायचे, तर तेथे नियमाचे भाडे नियमाच्या दिवशी मोजावे लागे. घर बांधणाऱ्याने भिंती मोजल्या. त्या भिंतींमागची उधारी त्याच्या हिशेबात आली नाही.

आपल्या समाजाने या काळात आपल्यापरीने दोन वाटा काढल्या होत्या. गोमंतकीय खलाशी व आचारी गावागावांचे 'कूड' चालवीत. धोबीतलावाच्या आसपास एखाद्या मजल्यावर गावच्या आश्रयदात्या संताची वेदी, भिंतीशी लावलेल्या पेट्या, संध्याकाळी रोझरी आणि महिन्याची माफक वर्गणी. ज्याला जहाज मिळाले तो पेटी ठेवून निघून जाई आणि परतला की पुन्हा त्याच छपराखाली येई. दुसरी वाट सहकाराची. १९१८ साली वांद्रे येथे सालसेट कॅथलिक को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली आणि भाडेकरू असलेली मध्यमवर्गीय कुटुंबे स्वतःच्या घरांची सभासद झाली. कूड गरिबांचा होता आणि सोसायटी मध्यमवर्गाची, हे मात्र विसरू नये.

खरी गुंतागुंत झाली ती १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने. युद्धकाळातील टंचाई आणि फाळणीनंतर आलेले लोंढे ध्यानात घेता त्या कायद्याची गरज होती, यात शंका नाही. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते प्रमाण मानण्यात आले आणि भाडेकरूला मनमानीने काढण्यास आळा बसला. कलम १८ प्रमाणे प्रमाण भाड्याखेरीज प्रीमियम वा तत्सम रक्कम घेणे हा घरमालकाचा गुन्हा ठरला. कलम १९ ने भाडेकरूलाही जागा सोडण्याबद्दल मोबदला घेण्यास मनाई केली. कायद्याचा हेतू निर्मळ होता. परंतु भाडे गोठले आणि जागेची किंमत वाढत राहिली, तेव्हा मधली तफावत कोठे तरी जाणारच होती. ती पागडीच्या रूपाने टेबलाखालून जाऊ लागली. नवा भाडेकरू पागडी देई, जाणारा भाडेकरू तिचा मोठा वाटा घेई आणि मालक आपल्या नावाची पावती बदलून देण्याबद्दल, प्रथेप्रमाणे सुमारे तिसरा हिस्सा, ठेवून घेई.

आता यातला पेच पाहा. एखाद्या कुटुंबाने बायकोचे दागिने मोडून पागडी भरली. तिची पावती नाही, कारण ती देणे म्हणजे मालकाने गुन्ह्याचा पुरावा लिहून देणे. दहा वर्षांनी त्याच कुटुंबाला गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतीत खोली मिळाली. १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या मंडळाने पुढे विक्रोळीचे कन्नमवारनगर, कुर्ल्याचे नेहरूनगर, चेंबूरचे टिळकनगर अशा वसाहती उभारल्या. १९७७ साली हे काम म्हाडाकडे आले. कुटुंबाला तेथे जायचे आहे, पण जुनी खोली सोडायची तर दिलेला पैसा मागायचा कोणाकडे आणि कोणत्या तोंडाने? मालक हसून म्हणणार, कसला पैसा? म्हणून पुष्कळांनी खोली सोडलीच नाही. थोरला भाऊ मंडळाच्या खोलीत गेला, धाकटा जुन्या खोलीत राहिला आणि पावती वडिलांच्याच नावे चालू राहिली. ज्यांना भावंड नव्हते त्यांनी दलालामार्फत गिऱ्हाईक शोधले आणि कायद्याने निषिद्ध असलेला व्यवहार केला. सज्जन माणसाला गुन्हेगार केल्याशिवाय त्याचा स्वतःचा पैसा परत मिळू नये, अशी ही रचना अर्धशतकाहून अधिक काळ टिकली.

इकडे पाच-दहा रुपये भाड्यात मालकाला इमारत दुरुस्त करणे परवडेना, किंवा परवडत नसल्याचे निमित्त मिळाले. पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या. १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला व उपकर बसवण्यात आला. अशा उपकरप्राप्त इमारती एकोणीस हजारांहून अधिक होत्या. पडलेल्या घरातील भाडेकरू संक्रमण शिबिरांत गेले. खासगी भाडेकरू सार्वजनिक घरात गेला तो असा, नाइलाजाने, भांडी आणि रेशनकार्ड घेऊन. 'संक्रमण' या शब्दाचा अर्थ तात्पुरता मुक्काम. कित्येकांची मुले त्या शिबिरांत जन्मली, शिकली आणि बोहल्यावर चढली.

१९७३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन, त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस लायसन्सवर राहत असलेल्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. मालक धास्तावले. पुढे अकरा महिन्यांचे करार आणि जाडजूड डिपॉझिट यांचे युग आले. काही ठिकाणी तर भाडे नाममात्र आणि अनामत लाखांत, असा उलटा व्यवहार सुरू झाला. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण भाडे गोठवणाऱ्या तरतुदी आता न्याय्य उरल्या नसल्याचे म्हटले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५६ ने पागडीला, दोन्ही बाजूंनी, कायद्याची मान्यता दिली. जे काल पाप होते ते आज व्यवहार झाले. एका परीने हे प्रामाणिकपणाचे झाले, असे माझे मत आहे.

सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने याच कायद्यातील कलम ५५ अधिक मोलाचे आहे. भाडे किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, व ती नोंदणी करून घेणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. मालकाने ती टाळली, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. बिहारमधील एका खटल्यात तर सर्वोच्च न्यायालयाने १९८६ सालीच म्हटले होते की कायद्याने निषिद्ध असलेली आगाऊ रक्कम दिली म्हणून भाडेकरू मालकाइतकाच दोषी ठरत नाही. निवारा हवा असलेला आणि निवारा देणारा हे दोघे समान पातळीवर नसतात. ती रक्कम भाड्यात वळती करून घेण्याचा भाडेकरूचा हक्क न्यायालयाने मान्य केला.

अनुवाद या ग्रंथाचा चोविसावा अध्याय आपण क्वचितच सावकाश वाचतो. गहाण घेणाऱ्याने ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे. आणि गरिबाचे पांघरूण गहाण असेल तर सूर्यास्तापूर्वी ते परत करावे, असा नियम तेथे आहे. दुसऱ्याची वस्तू तारण म्हणून आपल्या हाती असणे आणि ती आपली होणे, यातील अंतर एका सूर्यास्ताने मोजलेले आहे. जर्मनीतील आउग्सबुर्ग शहरात याकोब फुगर या धनाढ्य कॅथलिक व्यापाऱ्याने १५२१ साली गरजू कुटुंबांसाठी 'फुगराय' ही वसाहत स्थापली. वर्षाचे भाडे एक ऱ्हाइनी गुल्डन, आणि दररोज तीन प्रार्थना: प्रभूची प्रार्थना, नमो मरिया आणि विश्वासांगीकार. संगीतकार मोझार्टचे पणजोबा, जे गवंडी होते, तेथेच राहिले. १९४४ च्या बाँबहल्ल्यात वसाहत उद्ध्वस्त झाली, पुन्हा बांधली गेली, आणि आजही वर्षाचे मूळ भाडे एक युरोहून कमी आहे. फुगरने सावकारीत काय काय केले तो विषय वेगळा. ख्रिस्तसभेच्या इतिहासकारांनी त्याला फार सवलत दिलेली नाही. १९८७ साली, बेघरांसाठीच्या आंतरराष्ट्रीय वर्षात, व्हॅटिकनच्या न्याय व शांती आयोगाने निवाऱ्याच्या प्रश्नावर स्वतंत्र पत्रकच काढले होते. त्याच्या शीर्षकातच, बेघर भावाचे तू काय केलेस, असा काइनाच्या कथेची आठवण करून देणारा प्रश्न आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी पुष्कळ जण भाडेकरू होते. आज आपल्यापैकी पुष्कळ जण घरमालक आहेत. वाडीतल्या जुन्या घराशेजारी चार खोल्या काढून त्या परगावच्या माणसांना दिलेल्या असतात. भाडेकरू निघाला की रंगाचे इतके, नळाचे इतके, भिंतीच्या खिळ्यांचे इतके असा हिशेब मांडला जातो आणि अनामत अर्ध्यावर येते. खरी मोडतोड झाली असेल तर ती वजा करणे रास्तच. पण राहून राहून उडालेला रंग ही मोडतोड नव्हे; त्यासाठीच तर महिन्याचे भाडे घेतलेले असते. म्हाडाच्या सोडतीत अर्जाबरोबर अनामत भरावी लागते, आणि नाव न लागलेल्यांना ती परत मिळते. सरकारी कारभाराला आपण नावे ठेवतो खरे.

हा प्रश्न केवळ मुंबईचा नाही. नंदुरबार जिल्ह्यातील कोरीटसारख्या गावाचे उदाहरण घेऊ. मुलांचे शिक्षण, मजुरी वा नोकरी यांसाठी अशा गावातील कुटुंब शहरात खोली घेते आणि अनामत भरते. पुढे गावच्या यादीत त्याचे नाव लागते. २०१६ पासूनच्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशात १,२०,००० रुपये व डोंगराळ, दुर्गम भागात १,३०,००० रुपये साहाय्य ठरले. आदिवासी कुटुंबांसाठी राज्याची शबरी घरकुल योजनाही आहे. हे पैसे एकरकमी येत नाहीत. पाया झाला, छायाचित्र गेले, की पुढचा हप्ता. म्हणजे वीट, वाळू आणि गवंड्याची मजुरी यांसाठी आधी घरचेच पैसे घालावे लागतात, आणि घरचे पैसे म्हणजे बहुधा शहरातील खोलीची तीच अनामत. मालकाने ती दोन महिने लांबवली तर पाया पावसाळ्यात सापडतो आणि कुटुंब व्याजाने पैसे काढते. २०२१ साली केंद्राने संमत केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेऊ नये, आणि जागेचा ताबा घेताना योग्य वजावट करून ती परत करावी, असे सुचवले आहे. तो स्वीकारणे राज्यांच्या मर्जीवर आहे. तोपर्यंत ज्यांना घरकुलाचे पत्र आले आहे त्यांनी खोली सोडण्याची नोटीस लेखी द्यावी, अनामत बँकेतून दिली असल्यास तो उतारा जपून ठेवावा, आणि किल्ली परत करताना खोलीच्या स्थितीची एक चिठ्ठी दोघांच्या सह्यांनिशी करून घ्यावी. सही करताना मालकाचा हात थबकला, तर हिशेब त्याच दिवशी, त्याच उंबरठ्यावर मागावा.