“तुम्ही हा रोग तयार करता म्हणे?”

गेल्या दिवाळीत नवापूरला घरी गेले होते. फराळ चालू असताना मामाने फोन पुढे केला. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ होता. पांढऱ्या सूटमधली माणसं, काचेच्या नळ्या, मागे भीतीदायक संगीत, आणि एक आवाज ठासून सांगतोय की बर्ड फ्लू शास्त्रज्ञांनीच लॅबमध्ये बनवला. मामाने विचारलं, “काय गं, तू यावरच पीएचडी करतेस ना? तुम्ही लोक हा रोग तयार करता म्हणे?”

मी हसले. म्हटलं, “काहीही असतं मामा, असलं फॉरवर्ड करू नकोस.” मामा मात्र हसला नाही. २००६ साली त्याचं कोंबड्यांचं छोटं शेड होतं. ते त्या वर्षी रिकामं झालं आणि पुन्हा कधी भरलं नाही. आता तिथे पेंढा आणि मोडकी मोटरसायकल असते.

पुण्याला परतताना गाडीत राहून राहून वाटत होतं, की मी दिलेलं उत्तर अर्धंच होतं. पूर्ण उत्तर एका वाक्यात देता येत नाही, त्याला थोडा इतिहास लागतो. तो इथे लिहिते आहे.

नवापूर, फेब्रुवारी २००६

तेव्हा मी तिसरीत होते. फार्मवरच्या कोंबड्या पटापट मरायला लागल्या, तेव्हा सुरुवातीला सगळ्यांना तो राणीखेत वाटला. राणीखेत म्हणजे कोंबड्यांचा जुना, ओळखीचा रोग. नमुने भोपाळच्या हाय सिक्युरिटी अ‍ॅनिमल डिसीज लॅबोरेटरीत गेले आणि १८ फेब्रुवारी २००६ रोजी सरकारने जाहीर केलं की हा बर्ड फ्लू आहे, एच५एन१. भारतातली ही पहिली नोंद.

आमचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. विषाणूला ती रेघ कुठली दिसणार? शेजारच्या उच्छलमध्ये, पुढे जळगाव जिल्ह्यात आणि मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरकडेही तो सापडला. एप्रिलपर्यंत तिन्ही राज्यांत मिळून सुमारे दहा लाख पक्षी मारून खड्ड्यांत पुरले गेले. त्यात मोठ्या फार्मवरच्या कोंबड्या होत्या, तशाच पाड्यांवरच्या अंगणात फिरणाऱ्या गावठी कोंबड्याही होत्या. घरोघरी तापाची चौकशी झाली, संशयितांचे नमुने तपासले गेले. माणसात लागण सापडली नाही.

पीपीई किट हा शब्द देशाला २०२० मध्ये कळला. तो पांढरा सूट, गॉगल आणि मास्क आम्ही पोरांनी चौदा वर्षं आधी पाहिला होता.

उत्तराचा पहिला भाग: नाही

इन्फ्लुएन्झाच्या विषाणूला नाव द्यायची पद्धत ठरलेली आहे. आधी प्रकार, मग तो ज्या प्राण्यात सापडला तो प्राणी, मग ठिकाण, नमुन्याचा क्रमांक आणि शेवटी वर्ष. पीएचडीच्या पहिल्या वर्षी डेटाबेसमधून उतरवलेली एक लांबलचक यादी चाळताना मी एका ओळीवर थांबले. ‘ए / चिकन / नवापूर’ आणि शेवटी ‘०६’. हाँगकाँग, व्हिएतनाम, इंडोनेशियाच्या रांगेत माझं गाव!

त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत जशी घराण्याची वंशावळ सापडते, तशी जनुकांच्या क्रमावरून विषाणूची वंशावळ काढता येते. भोपाळच्या आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या (एनआयव्ही) शास्त्रज्ञांनी २००६ च्या नमुन्यांचे क्रम वाचले. तो विषाणू ज्या शाखेत बसला तिला २.२ म्हणतात. याच शाखेने २००५ च्या उन्हाळ्यात चीनमधल्या किंघाई सरोवरावर हजारो रानपक्षी मारले होते, आणि मग ती युरोप आणि आफ्रिकेपर्यंत गेली. आणखी मागे गेलं तर १९९७ च्या हाँगकाँगमध्ये पोहोचतो. तिथे १८ माणसांना लागण झाली होती आणि ६ दगावली होती. त्याच्याही मागे १९९६ मधली ग्वांगडाँग प्रांतातली एक हंसिणी. प्रत्येक पिढीत थोडे थोडे बदल दिसतात, निसर्गात होतात तसेच. म्हणून मामाच्या कोंबड्या मारणारा विषाणू कुणी बनवला नव्हता, हे मी खात्रीने सांगू शकते.

पण ही खात्री मला देता येते, कारण हे क्रम कुणालाही पाहता येतात. तेही आपोआप घडलेलं नाही. नवापूरची बातमी आली त्याच सुमारास, २००६ च्या सुरुवातीला, इटलीतल्या इलारिया कापुआ या पशुवैद्यक संशोधिकेकडे नायजेरियातला एच५एन१ आला होता. त्याचा क्रम मोजक्या प्रयोगशाळांपुरत्या, पासवर्ड लावलेल्या डेटाबेसमध्ये ठेवावा अशी तिला सूचना झाली. तिने नकार दिला, क्रम सगळ्यांसाठी खुल्या जेनबँकेत टाकला आणि इतरांनाही तसं करायला सांगितलं. त्या वादातून पुढे गिसएड हा डेटाबेस उभा राहिला. २०२० मध्ये कोरोनाच्या क्रमांसाठी सगळं जग तोच वापरत होतं.

दुसरा भाग: हो, पण उलट्या दिशेने

आता अर्धं राहिलेलं उत्तर. लॅबमध्ये आम्ही विषाणू बदलतो का? हो, बदलतो.

एच५एन१ ची लस थेट त्याच विषाणूपासून करायला गेलं तर अडचण येते. लसीसाठी विषाणू कोंबडीच्या अंड्यांत वाढवतात, आणि हा तर आतलं पिल्लूच मारून टाकतो. शिवाय कारखान्यात तो वाढवणं कामगारांसाठी धोक्याचं. यावर उपाय म्हणून रिव्हर्स जेनेटिक्स हे तंत्र वापरतात. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या योशिहिरो कावाओका यांच्या गटाने विषाणूचे जनुकीय तुकडे प्लाझ्मिडमध्ये, म्हणजे डीएनएच्या छोट्या गोल तुकड्यांत, घालून पेशीत सोडले आणि अख्खा इन्फ्लुएन्झा विषाणू तयार करून दाखवला.

इन्फ्लुएन्झाची जनुकं आठ तुकड्यांत असतात. लसीसाठी त्यातले बाहेरच्या प्रथिनांचे दोन तुकडे एच५एन१ चे घेतात, कारण आपल्या शरीराला ओळख त्यांचीच पटवायची असते. उरलेले सहा घेतात १९३४ सालच्या, प्रयोगशाळेत माणसाळलेल्या एका जुन्या विषाणूतून. आणि महत्त्वाचं म्हणजे, एच५ च्या प्रथिनात एक छोटासा पट्टा असतो. त्याच्यामुळे कोंबडीच्या शरीरातल्या जवळजवळ कुठल्याही अवयवात विषाणू वाढू शकतो. तो पट्टा कापून टाकतात. दात काढलेल्या सापासारखा विषाणू उरतो.

२००६ च्या भारतातल्या साथीत कोंबडीतून मिळालेल्या एका विषाणूवर हे काम अमेरिकेच्या सीडीसीत झालं. नावात एनआयव्ही असलेला तो विषाणू जागतिक आरोग्य संघटनेच्या संभाव्य लसींच्या यादीत गेला. म्हणजे आपल्याकडच्या त्या साथीतला एक विषाणू जनुकीय अभियांत्रिकीने निरुपद्रवी करून, जगावर संकट आलंच तर वापरायला म्हणून ठेवलेला आहे. मामाला मी हे सांगायला हवं होतं.

तिसरा भाग: आणि दुसऱ्या दिशेनेही

हेही सांगायला हवं होतं, की तेच तंत्र उलटंही वापरलं गेलं आहे.

एच५एन१ ची लागण माणसाला क्वचित होते, पण नोंद झालेल्या रुग्णांपैकी निम्म्याच्या आसपास दगावले आहेत. सुदैवाने तो माणसातून माणसात सहज पसरत नाही. तो तसा कधी पसरू शकेल का? हा प्रश्न घेऊन नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचे रॉन फुशिए यांनी इंडोनेशियातल्या विषाणूत बदल केले आणि तो फेरेट या मुंगसासारख्या प्राण्यात एकातून दुसऱ्यात नेत राहिले. शेवटी तो हवेतून पसरायला लागला. कावाओका यांनी, म्हणजे ज्यांच्या तंत्राने लसी होतात त्यांनीच, व्हिएतनामच्या एच५ चा आणि २००९ च्या स्वाइन फ्लूचा संकर करून तेच दाखवलं. हवेतून लागण झालेले फुशिए यांचे फेरेट मेले नाहीत. पण ही बारीक गोष्ट मथळ्यांत कुठे आली नाही.

२०११ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या सल्लागार मंडळाने सांगितलं की हे शोधनिबंध पूर्ण छापू नका, कृती गाळा. जानेवारी २०१२ मध्ये ३९ संशोधकांनी असे प्रयोग ६० दिवस थांबवतो असं जाहीर केलं. ते थांबणं वर्षभर चाललं. शेवटी २०१२ मध्येच दोन्ही निबंध संपूर्ण छापले गेले. २०१४ मध्ये अमेरिकेने अशा कामांचा निधी रोखला, २०१७ च्या अखेरीस नवे नियम करून तो पुन्हा सुरू केला.

माझं मत इथे पटकन बनत नाही. कापुआने माहिती खुली केली म्हणून मी आज मामाला पुरावा दाखवू शकते. फुशिएंची माहिती खुली झाली तेव्हा अनेकांना भीती वाटली, आणि ती वेडगळ भीती नव्हती. समर्थक म्हणतात, कोणते बदल घातक हे कळलं तर निसर्गात ते दिसताच सावध होता येईल. मी स्वतः क्रम तपासताना त्या बदलांची यादी वापरते. विरोधक म्हणतात, एक नळी फुटली तर? दोन्ही बाजूंना चांगले शास्त्रज्ञ आहेत.

विचारलं कुणाला?

हे सगळं मी मागच्या महिन्यात फोनवर मामाला सांगितलं. तासभर. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मग असलं काही करायचं ठरवतात तेव्हा कोंबडीवाल्याला विचारतात का?”

नाही विचारत. आपल्याकडे १९८९ पासून जनुकीय बदल केलेल्या जिवांसाठी नियम आहेत आणि असं काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेत जैवसुरक्षा समिती असावी लागते. पण तिथे बसतात आमच्यासारखेच लोक. २०११-१२ च्या वादातही टेबलाभोवती शास्त्रज्ञ, सुरक्षातज्ज्ञ आणि संपादक होते.

विचारणं अशक्य असतं असंही नाही. बीटी वांग्याच्या वेळी, २०१० च्या सुरुवातीला, तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी देशातल्या सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. त्यातली एक आपल्या नागपूरला झाली. शेतकरी, शास्त्रज्ञ, कंपन्या, कार्यकर्ते सगळे आले. आरडाओरडाही भरपूर झाला. त्यानंतर ९ फेब्रुवारीला वांग्याला स्थगिती मिळाली. तो निर्णय बरोबर की चूक यावर आजही भांडता येतं, पण वांगं पिकवणाऱ्याला बोलायला माइक मिळाला होता.

इंडोनेशियाने माइक हिसकावून घेतला. आपल्या रुग्णांकडून मिळालेल्या विषाणूवर परदेशी कंपनी लस करते आहे आणि ती आपल्याला परवडणार नाही हे दिसल्यावर आरोग्यमंत्री सिती फादिला सुपारी यांनी जागतिक आरोग्य संघटनेला नमुने देणं थांबवलं. पुष्कळ टीका झाली. पण त्यातूनच २०११ मध्ये करार झाला, की नमुने देणाऱ्या देशांना लसीत वाटा मिळावा आणि कंपन्यांनी दरवर्षी पैसेही द्यावेत. हा वाटा देशाला मिळतो. ज्याच्या अंगणातून नमुना गेला त्याचा यात अजून तरी उल्लेख नाही.

आणि ज्याला कुणी विचारत नाही, सांगत नाही, त्याला शेवटी फोन सांगतो. २०२० च्या सुरुवातीला चिकनमधून कोरोना होतो अशी अफवा मोबाइलवर पसरली आणि बाजार कोसळला. पोल्ट्रीवाल्यांनी मिळेल त्या भावाला माल काढला. वर्षभराने, फेब्रुवारी २०२१ मध्ये, नवापूरला खरोखरच पुन्हा बर्ड फ्लू आला. अफवेने बुडालेला माणूस वर्षभरात रोगाने बुडतो, तेव्हा त्याने कुणावर विश्वास ठेवायचा? त्या व्हिडिओतलं उत्तर चुकीचं होतं, पण मामाचा प्रश्न चुकीचा नव्हता. अशाच प्रश्नासाठी शास्त्रज्ञांनी वर्षभर काम थांबवलं होतं. मी तो हसण्यावारी नेला, ही माझी चूक.

फोन ठेवताना मामा म्हणाला, नवापूरचं नाव असलेल्या त्या ओळीचा फोटो पाठव. मी स्क्रीनशॉट काढून पाठवला आणि खाली मराठीत चार वाक्यांत लिहिलं की हा विषाणू कुठून आला, कुणी वाचला, आणि त्याच साथीतल्या एका विषाणूपासून लसीसाठी काय बनवलं. त्याचा लगेच मेसेज आला: “हे फॉरवर्ड केलं तर चालेल ना?”

म्हटलं, कर.