डोळे चुरचुरले तेव्हा

2 डिसेंबर 1984, रात्री साडेनऊ. भोपाळच्या युनियन कार्बाइडमध्ये नळ धुण्याचं काम सुरू आहे. 610 क्रमांकाच्या टाकीत सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट. ते शून्य अंशाच्या आसपास ठेवायचं असतं, पण ते गार ठेवणारी यंत्रणा जूनपासून बंद. पुढे टाकीत पाणी शिरलं. कसं, यावर कंपनीने घातपाताचा दावा केला. पण पाणी शिरलं, यावर दुमत नाही.

अकरा. टाकीतला दाब 2 पौंडांवरून 10 वर. पाळी नुकतीच बदललेली. नव्या पाळीला आकडा नेहमीसारखाच वाटतो.

साडेअकरा. कामगारांचे डोळे चुरचुरू लागतात. या कारखान्यात गळती ओळखायची रीतच ती होती, आणि माझ्या मते खरा घात इथेच झाला. या वायूची आठ तासांच्या पाळीची मर्यादा 0.02 पीपीएम, म्हणजे पाच कोटी भाग हवेत एक भाग. डोळ्यांना पाणी येतं ते 2 पीपीएमच्या सुमारास, आणि तेव्हाही वास येत नाही. म्हणजे शरीराने पहिली हाक दिली, तेव्हा मर्यादा शंभरपट ओलांडलेली होती. वरिष्ठांना कळवलं गेलं. चहानंतर बघू, असं ठरलं.

पाऊण. दाब काट्याच्या पलीकडे. झडप उघडते. वायू निष्प्रभ करणारा स्क्रबर कुचकामी, वायू जाळणाऱ्या मशालीचा नळ दुरुस्तीसाठी सुटा केलेला.

एक. वस्तीसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजतो, मग बंद होतो. लोक झोपेत.

दोन. झडप बसते. टाकीतला बहुतेक वायू शहरात गेलेला. मध्य प्रदेश सरकारने पुढे 3,787 मृत्यू मान्य केले. संघटनांचा आकडा कित्येक पट मोठा आहे.

1987 मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि घातक वायूंच्या मर्यादांची अनुसूची त्यात आली. आरोग्य आणि सुरक्षेची माहिती मागण्याचा कामगाराचा हक्कही तेव्हाच लिहिला गेला.

रोहा-अष्टमीच्या लोकांना हे दूरचं वाटू नये. धाटावच्या एमआयडीसीत सप्टेंबर 2024 मध्ये एका कारखान्यातली साठवण टाकी फुटून कामगार गेले. सांडपाण्याच्या टाक्यांतल्या हायड्रोजन सल्फाइडला आधी सडक्या अंड्यांसारखा वास येतो. 100 पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं, आणि वास गेला म्हणून माणूस खाली उतरतो.

म्हणून पाळीवर जाणाऱ्या प्रत्येकाने विचारावं: माझ्या खात्यात कोणते वायू आहेत, त्यांची मर्यादा किती, मीटर शेवटचा कधी तपासला? आणि डोळे चुरचुरले, तर कुणाची वाट न बघता वाऱ्याला आडवं चालत बाहेर पडा, मग कळवा.